टेबलफॅनची हरकत

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. हे नाव म्होरक्याने, म्हणजे त्यांच्या टीमच्या प्रमुखाने ठेवलं होतं आणि ते चिकटलं त्यालाही कारण होतं. ड्रोन उडवणारं सॉफ्टवेअर लिहिणारी ती सात जणांची टीम. त्यातले सहा जण रोज काहीतरी नवीन लिहायचे आणि ही बाई रोज काहीतरी जुनं काढून टाकायची. जे कोणी वापरत नाही ते काढ, दोनदा लिहिलेलं एकदा कर, तिघांनी तीन ठिकाणी ठेवलेलं एका जागी आण. तिचा हात फिरला की कोड अंगाने उतरतो, असं म्होरक्या म्हणायचा आणि म्हणताना स्वतःच्या पोटावरून हात फिरवायचा.

फक्त एका फाइलपाशी येऊन कात्री बोथट व्हायची.

त्या फाइलचं प्रकरण असं होतं. आपण कुठे आहोत हे ड्रोनला कळतं ते त्याच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या रिसीव्हरमुळे. रिसीव्हर उपग्रहांचं ऐकतो आणि ऐकलेलं ड्रोनच्या मेंदूला सांगतो. आता हे सांगण्याचीही प्रत्येकाची तऱ्हा असते. नवे रिसीव्हर बहुतेक एकाच पद्धतीने बोलतात. पण वीसेक वर्षांपूर्वीचे काही रिसीव्हर अगदीच निराळे बोलायचे, आणि त्यांचं बोलणं समजून घेण्यासाठी त्या फाइलमध्ये आठशे चाळीस ओळी होत्या. ते रिसीव्हर बनायचे बंद होऊन जमाना झाला होता. ओळी मात्र जागच्या जागी होत्या, कारण त्या तिच्या बाबांनी लिहिल्या होत्या.

हे सॉफ्टवेअर सुरूच केलं होतं बाबांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी, ड्रोन हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हा. घराच्या गच्चीवरून ते खेळण्यातलं विमान उडवायचे आणि ते पुन्हा गच्चीवरच उतरावं एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती. ती तेव्हा बारा वर्षांची होती. लॅपटॉपवर ऊन पडू नये म्हणून छत्री धरून उभं राहणं हे तिचं काम. हात दुखले की ती छत्री मुद्दाम कलती करायची आणि बाबा "अगं दिसत नाही, दिसत नाही" करत ओरडायचे. पुढे खेळण्याचं ऑफिस झालं, शिकूनसवरून तीही त्याच ऑफिसात आली. चार वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी काम सोडलं.

थरथर सगळ्यात आधी तिलाच दिसली होती. बाबांच्या हातात नव्हे, लॉगमध्ये. ड्रोन उडतो तेव्हा जे जे घडतं त्याची नोंद लॉगमध्ये राहते: उंची, वेग, रिसीव्हर काय बोलला, आणि उडवणाऱ्याने रिमोटच्या दोन दांड्या कशा कशा हलवल्या. दोन दांड्यांच्या दोन रेघा पडद्यावर उमटतात. बाबांच्या रेघा एरवी पट्टीने मारल्यासारख्या असायच्या. त्या दिवशी त्या दाताळ्या दिसल्या. तिला वाटलं रिमोट बिघडला, आणि तिने रिमोट बदलला. नव्या रिमोटवरही रेघ तशीच आली तेव्हा बिघाड रिमोटमध्ये नाही हे तिला कळलं. डॉक्टरांनी त्या गोष्टीला नाव दिलं ते दोन महिन्यांनी. बाबांनी त्यानंतर रिमोटला हात लावला नाही.

बाबांनी लिहिलेलं बाकी सगळं एव्हाना बदललं होतं. दर आवृत्तीत थोडं थोडं. निम्मं तर तिनेच बदललं होतं, त्यांच्याशी वाद घालून, आणि तेव्हा दोघांनाही त्याची मजा वाटायची. आता राहिली होती ही एक फाइल. नवी आवृत्ती निघाली की बाबा तिला शेजारी बसवून फाइलींची यादी वाचून घ्यायचे. आपली फाइल आली की "आहे म्हणजे अजून," एवढंच म्हणायचे आणि चहा मागायचे. त्यांचा चेहरा तेव्हा जसा उजळायचा तसा पुढचे चार महिने उजळायचा नाही. म्हणून कात्री बोथट. बाबांचं त्या ऑफिसात तेवढंच उरलं होतं, आणि ते स्वतःच्या हाताने काढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पण सोयही होती. बाबांनीच घालून दिलेला एक नियम होता. कुठलीही जुनी गोष्ट काढायची तर आधी सहा आठवडे वेबसाइटवर सूचना लावायची. त्या मुदतीत जगातल्या एका जरी माणसाने हरकत घेतली आणि ताज्या आवृत्तीवर उडवल्याचा लॉग जोडला, तर ती गोष्ट आणखी एका आवृत्तीपुरती ठेवायची. "ज्याचं विमान हवेत आहे त्याला विचारल्याशिवाय त्याची जमीन काढून घ्यायची नाही," असं बाबा म्हणत. गेल्या वर्षी म्होरक्याने या फाइलीची सूचना लावली. कोण येतंय हरकत घ्यायला, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. पाचव्या आठवड्यात हरकत आली.

हरकत घेणाऱ्याने स्वतःचं नाव टेबलफॅन असं लावलं होतं. मजकूर दोन ओळींचा: "हरकत आहे. मी अजून वापरत आहे, लॉग जोडला आहे, कृपया काढू नये." पुढच्या आवृत्तीला पुन्हा टेबलफॅन. त्याच्या पुढच्यालाही. ऑफिसात टेबलफॅन म्हणजे थट्टेचा विषय होऊन बसला. कोणी म्हणे, हा दाढीवाला असणार, डोंगरात एकटा राहत असणार. कोणी म्हणे, याच्या घरात अजून फिरवायच्या डायलचा फोन असेल. कात्री हसण्यात सामील व्हायची, आणि मनातल्या मनात त्या दाढीवाल्याला दंडवत घालायची.

या वेळी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. महिन्यापूर्वी त्यांच्या सॉफ्टवेअरवर उडणारा एक ड्रोन एका शाळेच्या मैदानात कोसळला होता. एक मोटर बंद पडली, ड्रोन उलटा झाला आणि दगडासारखा खाली आला. सुट्टीचा दिवस होता म्हणून मैदान रिकामं होतं. एक मोटर गेली तरी उरलेल्या तिघींवर गिरक्या घेत सावकाश उतरायचं, असा उपाय टीमने आता लिहून तयार केला होता. पण ड्रोनच्या मेंदूत जागा असते टीचभर, आणि ती भरली होती. बाकी सगळं पिळून झालं. उरली होती ती बाबांची फाइल. ती काढली तर उपाय नेमका मावत होता.

म्होरक्याने सहा आठवड्यांची सूचना लावली. टेबलफॅनने इमाने इतबारे हरकत घेतली. आणि मुदत संपायला चार दिवस असताना म्होरक्या तिच्या टेबलापाशी आला तो हातावर टाळी मागतच.

"सापडला चोर! टेबलफॅनचा लॉग आज पहिल्यांदा उघडून बघितला. एवढे दिवस मी नुसती ताज्या आवृत्तीची खूण बघायचो आणि पुढे जायचो. तारीख बघ त्यातली. एकोणीस वर्षांपूर्वीची! कुठला तरी जुना लॉग उकरून काढलाय आणि वरची खूण बदलून आपल्याला चिकटवलाय. हरकत रद्द."

"मी बघते," ती म्हणाली.

"बघ बघ. आणि मग काढ एकदाचं."

तिने लॉग उघडला. तारीख खरंच जुनी होती. पण ही गंमत तिला ठाऊक होती, कारण ती बाबांच्याच फाइलमध्ये, त्र्याण्णवाव्या ओळीच्या वर लिहिलेली होती. हे जुने रिसीव्हर दिवस मोजत नाहीत, आठवडे मोजतात, आणि एक हजार चोवीस आठवडे झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. बाबांनी तिथे शेरा मारला होता: "म्हातारपणी हा रिसीव्हर तारीख विसरेल. त्याला हसू नये." तिने लॉगमधल्या तारखेत एक हजार चोवीस आठवडे मिळवले. उत्तर आलं गेला गुरुवार. म्हणजे टेबलफॅन चोर नव्हता. त्याचा रिसीव्हर म्हातारा होता, एवढंच.

मग तिने जागा बघितली. वेबसाइटवर लॉग टाकताना जागा झाकलेली असते, फक्त टीमला दिसते. तिथे अक्षांश-रेखांशाचे दोन लांबलचक आकडे होते, आणि ते वाचायला तिला नकाशा लागला नाही. ऑफिसातली प्रत्येक चाचणी जिथून सुरू होते ते ठिकाण बाबांनी पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरमध्ये घालून ठेवलं होतं. आजही ते कोणी बदललेलं नव्हतं. ते आकडे तिला घरच्या फोन नंबरासारखे पाठ होते. कारण ते घरच होतं. त्यांची गच्ची.

पहिला विचार आला तो बाबांचा. पण दांड्यांच्या रेघा बघितल्या तर त्या सरळ होत्या. थरथरीचा मागमूस नाही. ड्रोन दोन माणसांच्या उंचीवर गेला होता, कठड्याच्या कडेकडेने सरळ चालत गेला होता, कोपऱ्यावर थांबून नेमका वळला होता, पुन्हा सरळ. चार बाजू, चार कोपरे, आणि जिथून उठला तिथेच खाली. अशी रेघ तिने आयुष्यभर बघितली होती, पण कापडावर. पडद्याला दुमड घालताना आईची शिवण अशीच जायची.

आईला ड्रोनमधलं काही कळत नाही, ही त्या घरातली सगळ्यांनी मान्य केलेली गोष्ट होती. आईसकट. आईचं राज्य शिवणयंत्रापाशी. गल्लीतले निम्मे पडदे आणि शाळेचे सगळे गणवेश तिच्या हातचे. बाबांच्या विमानांना ती 'तुमची चिलटं' म्हणायची आणि चिलटं घरात उडवायची नाहीत एवढा एकच कायदा तिने केला होता. लेकीला आता आठवलं, गेल्या वर्षी एका रविवारी बाबा आत झोपले असताना आपण आईपाशी मन मोकळं केलं होतं. बाबांची फाइल काढायची म्हणतात, एकाने जरी लॉग पाठवला तरी वाचेल, पण तो जुना रिसीव्हर आहे कोणाकडे. आई उसवत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं होतं, "लॉग म्हणजे काय गं?" आणि लेकीने सांगितलंही होतं, काहीतरी बोलायचं म्हणून.

शनिवारी सकाळी ती घरी गेली. बाबा खोलीत पडले होते, डोळे मिटलेले. स्वयंपाकघरात आई नव्हती. गच्चीकडून घूं घूं आवाज येत होता. ती पाय न वाजवता जिना चढली.

गच्चीच्या मधोमध आई उभी होती. डोक्यावर बाबांची उन्हाची टोपी, गळ्यात मोजपट्टी, हातात रिमोट, आणि दातांत ओठ धरलेला, सुईत दोरा ओवताना धरते तसा. समोर बाबांचा माळ्यावर विसरलेला चार मोटरींचा ड्रोन, पाठीवर तोच जुना रिसीव्हर घेऊन, कठड्याच्या कडेने चालला होता. कोपरा आला तशी आई पुटपुटली, "थांब. वळ. हं, चल." ड्रोन थांबला, वळला, चालू लागला. आईला इतकं सुखात तिने फार दिवसांत बघितलं नव्हतं. हाक मारायला तोंड उघडवेना.

ड्रोन उतरल्यावर आई वळली आणि तिला बघून रिमोट पाठीमागे लपवला. साठी उलटलेली बाई, पण अगदी खाऊचा डबा लपवल्यासारखा.

"टेबलफॅन?" लेकीने विचारलं.

"अगं, त्या वेबसाइटने टोपणनाव मागितलं. मला काय सुचणार? समोर फॅन होता."

दोघी हसल्या. हसता हसता लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आईने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"शिकवलं कोणी तुला?"

"तुझ्या बाबांनी लिहिलेलं ते पुस्तक आहे ना वेबसाइटवर, नवशिक्यांसाठीचं. दुपारी ते झोपले की वाचायचे. पहिल्यांदा कठड्यावर आपटलं, दुसऱ्यांदा टाकीवर. मग जमायला लागलं. नवी आवृत्ती कशी चढवायची तेही त्यात आहे." आईने टोपी काढली. "फार सोपं लिहिलंय गं. मला वाटायचं, हा माणूस आपल्याशीच बोलतोय."

"आणि हे सगळं त्या फाइलीसाठी?"

"यादी वाचतेस तेव्हा त्यांचं तोंड बघितलंयस ना? तेवढ्यासाठी. म्हटलं, आहे तोवर असू दे." आईने रिमोट पुढे केला. "आता कशाला आलीस? पकडायला?"

लेकीने सगळं सांगितलं. मैदानात पडलेला ड्रोन, तीन मोटरींवर उतरायचा उपाय, भरलेली जागा. आई ऐकत राहिली. एकदाच मध्ये बोलली, "मैदानात मुलं नव्हती ना?" नव्हती म्हटल्यावर तिने सुस्कारा सोडला.

"मग काढ," ती म्हणाली. "त्यात विचार कसला करायचा? पोरांच्या डोक्यावर पडण्यापेक्षा ते बरं. पण त्यांना सांगणार कोण?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तू सांग, मी नाही, असं डोळ्यांनीच झालं. शेवटी आईने ड्रोन उचलून पिशवीत घातला, बॅटरी काढून हातात घेतली, आणि दोघी गुन्हेगारासारख्या खाली आल्या.

बाबा टेबलापाशी येऊन बसले होते. त्यांच्यापुढे कप होता, अर्धाच भरलेला. आई त्यांना कप अर्धाच भरून द्यायची आणि दोनदा द्यायची, म्हणजे सांडत नाही आणि हात थरथरतो याची वाच्यताही होत नाही. आईने नेहमीच्या सवयीने बॅटरी खिडकीत, उन्हाच्या पट्ट्यात ठेवली.

"अगं," बाबा म्हणाले, "आज तरी ती उन्हात ठेवू नकोस. दर वेळी मला उठून काढावी लागते."

आई जागच्या जागी थिजली.

"उन्हात ती फुगते. फुटली तर घर पेटेल. खिडकीत कशाला ठेवतेस?"

"भरायला," आई म्हणाली. "उन्हावर भरते ना ती? गच्चीवर तुम्ही त्या काळ्या पाट्या मांडून बॅटऱ्या भरायचात की. म्हटलं, ऊन दाखवलं की झालं. आणि दुसऱ्या दिवशी भरलेली असायचीच!"

बाबा हसायला लागले. इतके की कप हातात धरवेना, लेकीने तो काढून घेतला. "पाट्या नुसत्या मांडून होत नाही गं, तारा जोडाव्या लागतात! मी भरतोय वर्षभर. तू शिवायला बसलीस की मी तिला चार्जरला लावतो. एक पिन लावायला पंधरा मिनिटं लागतात मला. आणि ती चौथी मोटर किरकिरायला लागली होती, तिला तेल कोणी घातलं? टाकीवर आपटलंस त्या दिवशी पातं कोणी बदललं? मला वाटायचं, आता तरी हिला संशय येईल."

"मला वाटायचं, मी फार जपून उडवते," आई म्हणाली. आणि मग एकदम रागावली. "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं? मी दुपारी चोरपावलांनी जिना चढायचे, आणि तुम्ही झोपायचं सोंग घेऊन पडलेले?"

"आवाज येतो की वरून. तू कुठल्या कोपऱ्यात आहेस ते मला पडल्या पडल्या कळतं."

"बाबा," लेक म्हणाली. आता बोलली नाही तर कधीच बोलणार नाही, हे तिला कळलं होतं. "ती फाइल काढायची वेळ आलीये. मला जागा हवीये. आणि मला ती काढवत नाहीये."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा थरथरता हात टेबलावरून सरकत आला आणि तिच्या हातावर येऊन थांबला. दुसऱ्याच्या हातावर ठेवला की तो कमी थरथरायचा.

"वेडी आहेस. मी असतो तर तीन वर्षांपूर्वीच काढली असती. ज्या रिसीव्हरला आज कोणती तारीख आहे ते सांगता येत नाही त्याच्या भरवशावर कोणी उडावं कशाला?"

"मग यादी वाचून का घेता माझ्याकडून?"

"तू तासभर शेजारी बसतेस म्हणून," बाबा म्हणाले. "आणि हरकत कोणाची आहे हे मला कळलं होतं ना. चाळीस वर्षांत ही पहिल्यांदा माझ्या कामातलं काही शिकली. ते पुस्तक लिहिताना ज्याला काहीच कळत नाही असा वाचक डोळ्यांपुढे हवा होता, तेव्हा मी हिलाच समोर ठेवून लिहिलं होतं. ती कधी वाचेल असं वाटलं नव्हतं. ती वर उडवतेय आणि मी खाली ऐकतोय. हे मी थांबवू कसं?"

आईने बाबांचा कप घेतला, उरलेला अर्धा चहा भरला, आणि त्यांच्यापुढे ठेवताना पदराने डोळे पुसून घेतले.

"पण नियम म्हणजे नियम," बाबा घसा खाकरून म्हणाले. "हरकत टेबलफॅनची आहे. ती मागे घ्यायची की नाही हे टेबलफॅनने ठरवायचं."

"घेते मागे," आई म्हणाली. " पण मला उडवायला मिळालं पाहिजे. सवय लागलीये."

लेकीने पर्समधून नवा रिसीव्हर काढला. तिने तो येतानाच आणला होता, उगीच, हातात काहीतरी असावं म्हणून. जुना काढून तो बसवायचा म्हणजे चार बारीक तारा डाग देऊन जोडायच्या. बाबांच्या हाताला ते शक्य नव्हतं, आणि लेकीचं ते कामच नव्हे, ती नुसती कोडवाली. आईने चष्मा लावला, डाग द्यायची तापलेली कांडी हातात घेतली आणि बाबा सांगतील तसा एकेक टाका घातला. "जास्त नको, थेंबभर. हं. उचल. आता लाल." चारही टाके असे बसले की बाबा म्हणाले, ऑफिसातल्या कोणाला हे जमलं नसतं. लेकीला ऐकून घ्यावं लागलं. जुना रिसीव्हर आईने बटणांच्या डब्यात ठेवून दिला.

मंगळवार हा सूचनेचा शेवटचा दिवस होता. सकाळी म्होरक्या दोनदा येऊन गेला. कात्रीने त्याला सगळी कहाणी सांगितली होती, त्यामुळे तो यायचा आणि नुसती पाण्याची बाटली भरून परत जायचा. अकराच्या सुमारास वेबसाइटवर टेबलफॅनचा मजकूर आला. दोनच शब्द: "हरकत नाही." खाली लॉग जोडलेला. लॉगची आता काही गरज नव्हती, पण नियमाने वागायची सवय आईला शिवणकामामुळे होती.

तिने लॉग उघडला. तारीख आजची, सकाळची. नवा रिसीव्हर नीट बोलत होता. जागा गच्ची. चार बाजू, चार कोपरे. मग तिने दांड्यांच्या रेघा बघितल्या.

डावी रेघ सरळ होती, आईची. उजवी रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत दाताळी होती.

तिने पडदा जवळ ओढला. चार वर्षांपूर्वी हीच रेघ बघून ती ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडली होती. एक रिमोट दोघांनी धरायचा म्हणजे खेटून उभं राहावं लागतं. एकाने डावी दांडी सांभाळायची, दुसऱ्याने उजवी, आणि वळायच्या वेळी दोघांनी एकदम वळायचं. दुसऱ्या कोपऱ्यावर ड्रोन जरा बाहेर गेला होता, नक्की तिथे भांडण झालं असणार. तिसरा कोपरा बरा होता. चौथ्याला उजवी रेघ थरथरत थरथरत, पण नेमकी जिथे वळायला हवी तिथे वळली होती. लॉग तेवीस मिनिटांचा होता. नियमाला पाच मिनिटं पुरतात.

ती रेघ तिने दोनदा शेवटपर्यंत बघितली. मग बाबांची फाइल उघडली, त्र्याण्णवाव्या ओळीच्या वरचा शेरा एकदा वाचला, आणि आठशे चाळीसच्या आठशे चाळीस ओळी काढून टाकल्या. कोणी लिहिलं त्या रकान्यात बाबांचं नाव होतंच. काय कारणाने काढलं त्या रकान्यात तिने लिहिलं, 'वापरणारीची हरकत नाही.'

तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते.

"गेली का?"

"गेली, बाबा."

"बरं झालं," बाबा म्हणाले. मागून आईचा आवाज येत होता, जिन्यातून, चला लवकर म्हणत. "आता ठेव. बॅटरी भरलीये, आणि तुझी आई वर थांबलीये माझ्यासाठी."